जर्सीच्या पाठीवर पोलीस भरती

कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात जत्रेतली कबड्डी बघायला उभं राहा. वाळव्याकडचं गाव असो नाहीतर कराडकडचं, चढाईला निघालेल्या पोराच्या पाठीवर नंबराच्या वर किंवा खाली कुणाचं तरी नाव असतंच. पतसंस्थेचं, खतं-औषधांच्या दुकानाचं, वाढदिवस जवळ आला असेल तर एखाद्या नेत्याचं. अलीकडे या नावांत पोलीस आणि सैन्य भरतीच्या अकॅडम्यांची भर पडली आहे. खाली मोबाईल नंबर, बाजूला खाकी गणवेशातल्या माणसाचं चित्र.

लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोलिसांनीच जाहिरात दिली असेल. पोलिसांचा तिच्याशी काही संबंध नसतो. काही देशांत मात्र खरोखर पोलीस खातंच गावच्या संघाला पैसे मोजतं आणि बदल्यात मैदानावरून 'आमच्याकडे नोकरीला या' असं सांगून घेतं. दोन्ही ठिकाणी मैदान तेच, विषयही भरतीचाच, पण पैसा वेगवेगळ्या खिशांतून निघतो. तो कुठून निघतो हे कळलं की आपल्याकडच्या त्या जर्सीवर नेमकं काय विकायला ठेवलंय तेही कळतं.

आधी तिकडचं बघू. अमेरिकेत पोलीस खातं असं एक नाही. लहानमोठ्या मिळून साधारण १८ हजार यंत्रणा आहेत: शहराचे पोलीस वेगळे, काऊंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचा, शेरीफ वेगळा, राज्याचे वेगळे, केंद्राच्या यंत्रणा आणखी वेगळ्या. बहुतेक जण आपली माणसं आपणच शोधतात आणि पगारही आपापला ठरवतात. विटा, पलूस आणि तासगावची पोलीस खाती स्वतंत्र आहेत, तिघांचे पगार वेगळे आहेत आणि तिघंही धावायला चांगल्या असलेल्या एकाच पोराच्या मागे लागली आहेत, अशी कल्पना करा. त्यात २०२० साली मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड याचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर तिथल्या तरुणांच्या मनात या नोकरीबद्दलचं मत आणखी बिघडलं. अनेक खात्यांत राजीनामे वाढले आणि अर्ज घटले. बाहेर दुसऱ्या नोकऱ्या मिळत होत्या. मग पदं भरायला जाहिरात करावी लागली, आणि ती करायला मैदान सोयीचं वाटलं.

मैदानच का? मोठ्या लीगचे सामने टीव्हीवर दिसतात आणि तिथली जागा महाग असते. पण बेसबॉलमध्ये मोठ्या संघांना जोडलेले १२० छोटे संघ आहेत, मधल्या-लहान शहरांत खेळणारे. शिवाय आइस हॉकी आहे, शाळा-कॉलेजांचे सामने आहेत. तिथे प्रेक्षक आसपासचाच असतो, तरुण असतो, घरच्यांसोबत आलेला असतो. नोकरी बदलायचा निर्णय माणूस एकटा घेत नाही. बायको किंवा आई शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना ती जाहिरात दिसते, हे जाहिरात देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

करारात मिळतं काय, तर कुंपणावर फलक, मोठ्या पडद्यावर काही सेकंदांची फीत, मध्यंतरात निवेदकाच्या तोंडून दोन वाक्यं, प्रवेशद्वाराजवळ टेबल टाकून माहितीपत्रकं वाटायची परवानगी. थोडे जास्त पैसे दिले तर ती अख्खी संध्याकाळ 'पोलिसांची रात्र' म्हणून जाहीर होते आणि पहिला चेंडू एखादा अधिकारी टाकतो. संघाला यातून तिकिटांपलीकडचं उत्पन्न मिळतं. छोटे संघ अशाच पैशांवर तगतात, म्हणून नाही म्हणणं त्यांना जड जातं.

केंद्राच्या यंत्रणा तर पैसेवाल्याच. तिथल्या सीमा गस्ती दलाने नासकारच्या मोटारशर्यतीत गाडीवर नाव लावलं आणि बुल रायडिंगलाही प्रायोजकत्व दिलं. उधळलेल्या बैलाच्या पाठीवर काही सेकंद टिकून राहायचं, असा तो खेळ. (आपल्याकडे बैलगाडा शर्यतीच्या घाटात सरकारी खात्याने भरतीचा मांडव टाकला तर काय गंमत होईल, पण ते असो.) २०२५ मध्ये तिथल्या स्थलांतरित-विरोधी कारवाई करणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे आइसला, १० हजार नवे अधिकारी घ्यायला पैसा मंजूर झाला आणि रुजू होणाऱ्याला ५० हजार डॉलरपर्यंत बोनस जाहीर झाला. इतका पैसा जाहिरातीत उतरला की तो गल्लीतल्या संघापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. आणि मग वाद पेटतो. गावात स्थलांतरितांची घरं असतात, त्यांचीही पोरं त्याच संघाचा झेंडा घेऊन स्टँडमध्ये बसलेली असतात. त्यांच्यासमोर पडद्यावर काय झळकावं, हा प्रश्न संघाच्या मालकाला चुकवता येत नाही.

या सगळ्याचा उपयोग होतो का, याचा एक गाजलेला हिशेब आहे. तो पोलिसांचा नाही, सैन्याशी जोडलेल्या नॅशनल गार्डचा आहे, पण पद्धत तीच. २०१२ साली नॅशनल गार्डने नासकारच्या प्रायोजकत्वावर २ कोटी ६५ लाख डॉलर खर्च केले. त्यातून सुमारे २४ हजार ८०० लोकांनी चौकशी केली. पात्र ठरले २०. रुजू झाला एकही नाही. नाव दिसणं वेगळं आणि माणूस मिळणं वेगळं, हे एवढ्या नेमक्या आकड्यांत क्वचित बघायला मिळतं. दुसरा धक्का २०१५ चा. जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक या दोन सिनेटरांनी अहवाल काढून दाखवलं की सामन्याआधी सैनिकांचा जो सत्कार प्रेक्षकांना संघाने मनापासून केलेला वाटायचा, त्यातल्या काहींसाठी संरक्षण खात्याने संघांना पैसे दिले होते. प्रेक्षक उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि त्या क्षणाचं बिल सरकारकडे जात होतं. पुढच्या वर्षी अमेरिकन फुटबॉलच्या लीगने ७ लाखांहून जास्त डॉलर परत केले.

मला यातलं दुसरं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. पैसे वाया गेले तर नुकसान तिजोरीचं. जाहिरात आहे हेच लपवलं तर बघणाऱ्याची फसवणूक होते.

आता साताऱ्यात परत येऊ. इथलं गणित बरोबर उलटं आहे. २०२४ च्या भरतीत महाराष्ट्रात १७ हजार ४७१ जागा होत्या आणि अर्ज आले पावणेअठरा लाखांच्या घरात. एका जागेमागे शंभर जण. ज्याच्या दारात अशी रांग आहे त्याने गिऱ्हाईक शोधायला जर्सी कशाला विकत घ्यायची? आपल्या पोलिसांची भरतीची जाहिरात म्हणजे अधिकृत संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रात आलेला, बारीक अक्षरातला मजकूर. त्यात प्रवर्गनिहाय जागांचा तक्ता असतो. तो निघाला की तासाभरात माण-खटावपासून जतपर्यंतच्या मोबाईलवर फिरतो. 'जागा निघाल्या' एवढे दोनच शब्द पुरतात. 'पोरगा काय करतो?' या प्रश्नाला 'भरती करतोय' असं सरळ उत्तर मिळणारा हा मुलूख आहे. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढावर किंवा उसाच्या फडाकडेच्या डांबरीवर जी पोरंपोरी पळताना दिसतात, ती हौसेने पळणारी फार थोडी.

अमेरिकेत पोलीस खात्याला माणसं कमी पडतात, म्हणून खातं जाहिरात करतं. आपल्याकडे माणसांना जागा कमी पडतात, म्हणून जाहिरात करतो तो त्या रांगेत पुढे नेण्याचं आश्वासन विकणारा. जर्सीवर अकॅडमीचं नाव येतं ते यामुळे. खेळणारी पोरं हेच तिचं गिऱ्हाईक, आणि बघायला आलेले त्यांचे दोस्त हे पुढचं. या दृष्टीने ही जाहिरात अमेरिकेतल्यापेक्षा जास्त नेमकी बसते. म्हणूनच ती जरा सावधपणे वाचली पाहिजे.

खेळ आणि पोलीस यांचं नातं मात्र खोटं नाही, आणि आपल्या जिल्ह्यात तर ते फार जुनं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकून आले, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते. गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवलं. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. खेळाडूने पोलिसात जायचं ही वाट आपल्या डोक्यात कुणा जाहिरातदाराने घातलेली नाही, ती अशी पडली आहे.

आजच्या नियमांत या वाटेचे तीन वेगळे फाटे आहेत, आणि गोंधळ होतो तो इथेच.

सगळ्यात वरचा फाटा मोजक्यांचा. राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पातळीवर मोठी कामगिरी करणाऱ्या खेळाडूला राज्य सरकार थेट नियुक्ती देतं. पैलवान राहुल आवारे आणि विजय चौधरी असेच पोलीस उपअधीक्षक झाले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, जी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी धावली, ती उपजिल्हाधिकारी झाली. फ्लेक्सवर हे चेहरे लावून 'तुम्हीही होऊ शकता' म्हणणं सोपं आहे. शिपाई भरतीशी मात्र या फाट्याचा काही संबंध नाही.

दुसरा फाटा म्हणजे खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. हे समांतर आरक्षण आहे. म्हणजे खेळाडूंचा वेगळा ढीग करून त्यात सगळ्यांना टाकत नाहीत. प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांमधूनच खेळाडूंचा वाटा निघतो. एखाद्या जिल्ह्यात खुल्या प्रवर्गाच्या २० जागा असतील तर त्यातली १ खेळाडूची. एखाद्या प्रवर्गाच्या ४ किंवा ५ जागा असतील तर खेळाडूच्या रकान्यात बहुतेक शून्यच येतं. पात्र खेळाडू मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला जाते. त्यामुळे 'मी खेळाडू आहे, माझं काम झालं' असं म्हणण्याआधी तक्त्यात आपल्या प्रवर्गासमोर खेळाडूच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघायचं. एका पदासाठी एकाच जिल्ह्यात अर्ज करता येत असल्यामुळे हे बघणं अर्ज भरण्याच्या आधीच व्हायला हवं. घराजवळ म्हणून सातारा टाकला आणि रकान्यात शून्य निघालं, तर प्रमाणपत्र फाईलमध्येच राहतं.

शिवाय खेळाडू म्हणजे कोण? गावच्या चषकात सामनावीर झालेला नव्हे, मग चषकाला आमदारांचं नाव असो की खासदारांचं. १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयात कुठल्या दर्जाच्या, कुठल्या मान्यताप्राप्त संघटनेच्या अधिकृत स्पर्धेतली कामगिरी कोणत्या गटाच्या नोकरीला चालते ते ठरवून दिलंय. प्रमाणपत्र विभागाच्या क्रीडा उपसंचालकांकडून आधी तपासून घ्यावं लागतं. सांगली-साताऱ्याच्या मुलांसाठी ते कार्यालय कोल्हापूर विभागाचं. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आलेली आहेत, त्यामुळे ही पडताळणी कडक झाली तर तक्रार करायला जागा नाही. 'आमच्या संघातून खेळ, सर्टिफिकेट आम्ही देतो' असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न हा विचारायचा: स्पर्धा कुठल्या संघटनेची आणि तिची पडताळणी होते का? उत्तर गुळमुळीत आलं तर ती जर्सी फक्त खेळायला घालायची.

तिसरा फाटा सगळ्यांचा, मैदानी चाचणीचा. पोलीस शिपाई पदाला सध्याच्या नियमांप्रमाणे मैदानी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी वाटणी तीच. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. मुलांना सोळाशेला पैकीच्या पैकी हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं, शंभरला साडेअकरा सेकंदांत, आणि गोळा साडेआठ मीटर जायला हवा. खेळणाऱ्या पोराला इथे फायदा होतो, पण वाटतो तितका सरळ नाही. कबड्डीचा चढाईपटू शंभरला सुसाट जातो आणि सोळाशेच्या तिसऱ्या फेरीला त्याचा दम निघतो. पैलवान गोळा लांब टाकेल, पण त्याचं वजन धावताना आडवं येतं. खो-खोवाल्यांचं दोन्ही धावण्यांत बरं जमतं असं माझं निरीक्षण आहे, गोळा मात्र त्यांना मुद्दाम शिकावा लागतो.

आणि मग लेखी. ती १०० गुणांची. अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण, वेळ दीड तास. मैदानीत निम्मे गुण तर हवेतच, पण लेखीला बोलावतात ते जागांच्या दहापट उमेदवारांना, मैदानीच्या गुणानुक्रमाने. म्हणजे ग्राउंड हे दार आहे आणि निकाल आत लागतो. दीडशेपैकी शंभर गुण टेबलावर बसून मिळवायचे असताना जर्सीवर, फ्लेक्सवर, रीलमध्ये चित्र कायम धावणाऱ्या पोरांचंच का असतं? कारण काळ-काम-वेगाची गणितं सोडवणारा पोरगा जाहिरातीत चांगला दिसत नाही. मैदानावरची जाहिरात मैदानावरचीच गोष्ट सांगणार. ज्या पोराचं ग्राउंड ४५ च्या पुढे निघतं आणि तरी तो मेरिटच्या बाहेर राहतो, त्याला ही गोष्ट कुणी वेळेवर सांगितलेली नसते.

चांगल्या अकॅडम्या आहेतच. निवृत्त सुभेदार, माजी पोलीस, पहाटे चारला पोरांच्या आधी मैदानावर येणारी माणसं. पण जाहिरातीवरून चांगली आणि वाईट वेगळी करता येत नाही. कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या. शंभर टक्के निवडीची किंवा नोकरीची हमी द्यायची नाही. यशस्वी मुलाचा फोटो त्याची निवड झाल्यानंतर, त्याची लेखी संमती घेऊनच लावायचा. त्याने कोणता कोर्स, किती दिवसांचा घेतला होता आणि पैसे भरून घेतला होता का, हेही सांगायचं. एकच पोरगा तीन अकॅडम्यांच्या फ्लेक्सवर का दिसतो, याचं उत्तर या शेवटच्या अटीत आहे. एकीकडे तो वर्षभर होता, दुसरीकडे त्याने सराव पेपर दिला आणि तिसरीकडे सत्कार घेतला.

यात एक मेख आहे. या सूचना ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत आणि कोचिंगच्या व्याख्येतून खेळ वगळलेला आहे. लेखीची तयारी करून घेणारी अकॅडमी सरळ त्यात बसते. फक्त ग्राउंड घेणारा म्हणेल की आम्ही खेळ शिकवतो. त्याचं म्हणणं टिकेल का, यावर वकील भांडत बसतील. तोवर एवढं लक्षात ठेवलेलं बरं की २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा फसव्या जाहिरातीला तसाही सोडत नाही. जाहिरातदाराला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या मते जर्सीही जाहिरातच आहे. कापडावर छापली म्हणून तिला सूट मिळायचं कारण नाही.

पोलीस स्वतःही मैदानावर येतात, त्याबद्दल थोडं. २ जानेवारीला पोलीस रेझिंग डे असतो, त्या आठवड्यात पोरांना ठाण्यात नेतात, ठिकठिकाणी स्पर्धा होतात. गडचिरोलीत तर पोलीस दलच बाबुराव शेडमाके यांच्या नावाने कबड्डी आणि बिरसा मुंडा यांच्या नावाने व्हॉलीबॉल स्पर्धा भरवतं. तिथला हेतू दुर्गम गावातल्या तरुणांशी ओळख वाढवण्याचा आहे. त्यातलं कुणी पुढे भरतीला उतरलं तर खातं खूशच होतं, पण संघाला पैसे देऊन जागा विकत घेणं हे नव्हे. आपल्याकडे सातारा-सांगलीत मला खटकतं ते वेगळंच. स्पर्धेच्या फ्लेक्सवर प्रमुख पाहुणे म्हणून ठाण्याच्या साहेबांचा गणवेशातला फोटो, आणि त्याच फ्लेक्सच्या कोपऱ्यात अकॅडमीची जाहिरात. साहेब बंदोबस्ताच्या निमित्ताने येणार असतात, बक्षीस वाटून जाणार असतात. त्यांच्या मनात काही नसेलही, पण बारावी झालेल्या पोराला आणि त्याच्या बापाला त्या दोन गोष्टी जोडलेल्या दिसतात, 'यांची आत ओळख आहे' असं वाटतं. फीचा आकडा वाढतो तो या वाटण्यावर. मॅकेन आणि फ्लेकच्या अहवालात पैसा दडवलेला होता. इथे पैसा उघड आहे आणि नसलेलं नातं सुचवलं जातं. आयोजकांनी एवढं तरी करावं, गणवेशातला फोटो आणि भरतीची जाहिरात एका फ्लेक्सवर छापू नये. अधिकाऱ्यांनीही फ्लेक्सचा नमुना आधी मागून बघायला हरकत नाही.

खऱ्या भरतीचा अर्ज भरायला गेल्या वेळी खुल्या प्रवर्गाला ४५० रुपये आणि मागास प्रवर्गाला ३५० रुपये शुल्क होतं, आणि ते ऑनलाइन सरकारकडे जातं. पोलीस दलात घेण्यासाठी यापलीकडे कुणी 'आतले' पैसे मागितले तर तो गुन्हा आहे. तिथे ग्राहक मंच नाही, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग लागतो. त्यांचा नंबर १०६४. अकॅडमीने जाहिरातीत कबूल केलेलं दिलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तक्रार करताना फीची पावती मागतात, म्हणून पहिल्या हप्त्यालाच ती घ्या, आणि ज्या फ्लेक्सवर किंवा जर्सीवर हमी छापली होती तिचा फोटो काढून ठेवा.